पाणी चढले म्हणून, पाणी आटले म्हणून

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सिरसाळा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दसरा झाला की सिरसाळ्याच्या बाजारपेठेत निराळीच गर्दी दिसू लागते. परळी, धारूर, वडवणी या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील खेड्यांतून माणसे येतात. चादरी, सतरंज्या, लहान मुलांचे गरम कपडे, ताडपत्री, पाण्याचे ड्रम अशी खरेदी होते. ही खरेदी सणाची नसते, बिऱ्हाड हलविण्याची असते. काही रक्कम रोख दिली जाते, काही वहीत लिहिली जाते आणि ‘पट्टा पडल्यावर देऊ’ असा शब्द दिला जातो. पट्टा पडणे म्हणजे साखर कारखान्याचे गाळप संपणे. मग एके रात्री ट्रक किंवा ट्रॅक्टर वस्तीवर येऊन उभा राहतो. भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, तान्ही मुले आणि कोयते त्यात चढतात. सकाळी गावात म्हातारी माणसे आणि कुलुपे एवढेच उरते. गुढीपाडव्याच्या आगेमागे ही माणसे परत येतात आणि उधारी फेडतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले असल्यामुळे त्यात कोणाला काही वेगळे वाटेनासे झाले आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘हवामानबदलामुळे होणारे विस्थापन आणि कायद्याचे संरक्षण’ असा आहे. हा विषय निघाला की जगभरचे अभ्यासक प्रशांत महासागरातील बुडत्या बेटांची उदाहरणे देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, बालाघाटाच्या डोंगररांगांत राहणाऱ्या श्रोत्यांना त्या बेटांचे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर एवढेच की, तिकडे पाणी चढले म्हणून माणसे उठत आहेत आणि इकडे पाणी आटले म्हणून उठत आहेत. दोघांचेही घर पाण्याने उठविले. दोघांनाही कायद्याने आजवर बहुतांशी एकच उत्तर दिले आहे: ‘तुमचे दुःख खरे आहे, परंतु ते आमच्या व्याख्येत बसत नाही.’ ही व्याख्या कोठे अडते आणि ती रुंद कशी होऊ शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या बेटांकडे पाहू. ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्यावर तुवालू नावाचा देश आहे. नऊ लहान बेटे, सुमारे २६ चौरस किलोमीटर भूभाग आणि अकरा हजारांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे मराठवाड्यातील एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढा हा देश. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर उंचीची. समुद्र एका दिवसात येऊन गाव गिळत नाही. आधी मोठ्या भरतीचे पाणी अंगणात येते, मग जमिनीखालचे गोडे पाणी खारे होते, मग कंदांची शेती मरते. जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी ती राहण्याजोगी उरत नाही. ही गोष्ट आपल्या भागातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विहीर आटते त्या दिवशी शेत नाहीसे होत नाही. ते जागेवरच असते, फक्त त्यावर जगता येत नाही.

अशा माणसाने दुसऱ्या देशाच्या दारात जाऊन आसरा मागितला तर काय होते? तुवालूच्या शेजारच्या किरिबाती देशाचे इओआने तेइतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये तसा आसरा मागितला होता. निर्वासितांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ सालचा आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाच कारणांवरून छळ होण्याची साधार भीती असलेला आणि स्वदेशाच्या सीमेबाहेर असलेला मनुष्य म्हणजे निर्वासित, अशी त्याची व्याख्या आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवातून ती तयार झाली. समुद्र कोणाचा वंश विचारीत नाही की मत विचारीत नाही. तो सर्वांनाच बुडवितो. म्हणून तो ‘छळ’ ठरत नाही. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तेइतिओता यांची मागणी अमान्य केली आणि त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. समितीचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेइतिओता यांच्या प्रकरणात तो त्यांच्या विरुद्ध गेला, पण समितीने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले: हवामानबदलामुळे जिवाला खरा धोका असेल अशा ठिकाणी माणसाला परत पाठविणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरू शकतो. एक माणूस हरला, परंतु पुढच्यांसाठी दार किलकिले झाले.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘फालेपिली संघ’ नावाचा करार झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो अंमलात आला. त्या भाषेत फालेपिली म्हणजे शेजारधर्म. या करारान्वये दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा, काम करण्याचा व शिकण्याचा हक्क मिळतो. २०२५ साली पहिल्यांदा नावे मागविली तेव्हा कुटुंबीयांसह ८,७५० जणांची नोंद झाली. अकरा हजारांच्या देशातून इतकी नावे यावीत, यावरून संकटाची खोली कळते. समुद्र कितीही चढला तरी तुवालूचे राष्ट्रत्व कायम राहील, हेही त्या करारात मान्य केले आहे. आणि २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले सल्लामत दिले. वानुआतू या लहानशा देशाने त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि मूळ कल्पना दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांची होती. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे केवळ सौजन्य नसून कायदेशीर कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. या मताची सक्ती नाही हे खरे, पण आता कोणी ‘हा आमचा विषय नाही’ असे सहज म्हणू शकणार नाही.

भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. परंतु आपल्याकडेही न्यायालयाने पाऊल उचलले आहे. राजस्थान व गुजरातमधील माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये असे म्हटले की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून निघतो. एका दुर्मीळ पक्ष्याच्या निमित्ताने माणसाचा हा हक्क उच्चारला गेला. तो बालाघाटावरच्या माणसापर्यंत कसा पोहोचणार, हा आता खरा प्रश्न आहे.

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ६६६ मिलिमीटर. सरासरी हा शब्द मात्र फसवा आहे. शेतीला सरासरी नको असते, वेळेवरचा पाऊस हवा असतो. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि मधले खंड लांबतात. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. त्यानंतर २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही वर्षे थोड्याथोड्या अंतराने आली. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या पात्र सोडून वाहिल्या, उभी पिके गेली, कित्येक ठिकाणी मातीच खरवडून निघाली. दुष्काळ आणि पूर ही आता एकाच घरातील दोन भावंडे झाली आहेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बीडमधील सर्व स्थलांतराचे खापर हवामानबदलावर फोडता येणार नाही. हलकी जमीन, सिंचनाचा अभाव, लहान होत गेलेली शेती आणि उपसून टाकलेले भूगर्भातील पाणी ही कारणे आधीपासून आहेत. पाणी कमी असलेल्या प्रदेशात उसासारखे पाणी पिणारे पीक वाढत गेले, हेही खरे. परंतु आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी ओझे पडावे तसा हवामानबदल येथे आला आहे. पूर्वी तीन-चार वर्षांत एखादे वर्ष हात देत असे. त्यावर मागचे कर्ज फिटे. आता हात देणारी वर्षेच विरळ होत चालली आहेत.

या परिस्थितीत घर सोडणारा माणूस कोणत्या व्यवहारात शिरतो, ते व्यापारी समाजाने हिशेबाच्या अंगाने पाहावे. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकट्या माणसाची गणना ‘अर्धा कोयता’ अशी होते. हंगामाआधी मुकादम या कोयत्याला उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात समझोता होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता पहाटेपासून राबून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले तरी दिवसाचे ७३२ रुपये होतात, आणि तेही दोघांचे मिळून. एक लाखाची उचल फेडावयास एकही खाडा न करता सुमारे १३७ दिवस लागतात. म्हणजे साडेचार महिने, अर्थात जवळजवळ सगळा हंगाम. आता ज्या वर्षी पाऊस कमी, त्याच्या पुढच्या वर्षी ऊस कमी. गाळप शंभर दिवसांत आटोपले की उचल फिटत नाही. ती पुढच्या वर्षावर जाते आणि मनुष्य त्याच मुकादमाकडे बांधला जातो. घरच्या शेतात पाऊस बुडवितो आणि दूरच्या फडातही पाऊसच बुडवितो. एकाच नुकसानाची दोनदा वसुली होते.

कायद्याचे छत्र या माणसावर कोठे आहे, ते आता पाहू.

सिरसाळ्यापासून जवळच सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण आहे. धरणासाठी ज्यांची गावे उठली त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९७६ सालीच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा अधिनियम केला. देशात असा कायदा प्रथम करणाऱ्या राज्यांत आपले राज्य अग्रणी आहे. त्याची अंमलबजावणी किती नीट झाली हा वेगळा प्रश्न. पण पाणी आले म्हणून उठलेल्या माणसाला ‘प्रकल्पग्रस्त’ हे नाव मिळाले, दाखला मिळाला, दावा सांगण्यास जागा मिळाली. पाणी आटले म्हणून दरवर्षी उठणाऱ्या माणसाला असे कोणतेही नाव नाही. सरकारदरबारी तो विस्थापित नाही, कारण तो सहा महिन्यांनी परत येतो. तो निर्वासितही नाही, कारण त्याने देशाची सीमा ओलांडलेली नाही.

स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम केला. कंत्राटदाराची नोंदणी, प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता, निवारा, औषधोपचार अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. परंतु नावातच ‘आंतरराज्य’ हा शब्द होता. बीडचा कोयता सीमेपलीकडच्या बेळगाव जिल्ह्यातील फडात गेला तर तो या कायद्याचा विषय. अलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातील फडात गेला तर नाही. ऊस तोच, कोयता तोच, थंडी तीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि हा जुना अधिनियम तिच्यात विलीन झाला. स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगारालाही आता त्या व्याख्येत जागा मिळाली, पण राज्याची सीमा ओलांडण्याची अट राहिलीच. प्रशांत महासागरातील माणसाला देशाच्या सीमेने अडविले आणि बीडच्या माणसाला राज्याच्या सीमेने.

दुसरी अडचण मालक कोण, ही आहे. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाशी बोलतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून कापला जातो. मग हा मजूर कोणाचा? कारखाना म्हणतो ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो मुकादमाचा, मुकादम म्हणतो कारखान्याचा. साखर ज्याच्या कोयत्यापासून सुरू होते, त्याचे नाव साखरेच्या हजेरीपटावर नाही. सिरसाळ्याच्या दुकानदाराच्या वहीत ते नाव असते. पाच-सात हजारांच्या उधारीसाठी का होईना, पण नाव, गाव, तारीख आणि रक्कम असते. व्यापारात एक साधा नियम आहे. ज्याची नोंद नाही, त्याचा दावा नाही. कायद्याचेही तेच आहे.

नोंद नसण्याची किंमत मोठी आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर घरापासून दूर कारखान्यांच्या परिसरात अडकले आणि एप्रिलच्या मध्यानंतर परवानगी मिळाल्यावर गावी परतले. त्याआधी २०१९ साली बीडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे साधारण सहांपैकी एक. फडात शौचालय नाही, विश्रांती नाही, आजारपणाची रजा नाही आणि एका दिवसाच्या खाड्याला दंड. दुखण्यावर उपचार करीत बसण्याइतका वेळ ज्या व्यवहारात नाही, तेथे अवयवच काढून टाकण्याचा मार्ग सोयीचा वाटू लागतो. या आकड्यापुढे कोणत्याही सुसंस्कृत समाजाची मान खाली जावी.

तथापि महाराष्ट्राच्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तरही आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावा असे ते आहे. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव खोदणे, रस्ते बांधणे ही ती कामे. त्या अनुभवातून, आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनातून, रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. दुष्काळात मदत मागणारा याचक राहिला नाही, हक्कदार झाला. त्याच धर्तीवर २००५ साली संसदेने संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा अधिनियम केला.

या योजनेचा पैसा कोठून आला, हे व्यापारी बंधूंनी आवर्जून लक्षात ठेवावे. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर लागू केला. दुकानदार, नोकरदार, वकील, डॉक्टर यांनी तो भरावयाचा, तितकीच भर शासनाने घालावयाची आणि त्यातून खेड्यातील माणसाला काम द्यावयाचे, अशी ती रचना होती. वर्षाकाठी व्यवसाय कराचे अडीच हजार रुपये भरताना कपाळावर आठी पडते. परंतु त्या कराचे मूळ हे आहे. ज्याचे पाऊसपाण्यावाचून अडत नाही त्याने, ज्याचे सर्वस्व पावसावर आहे त्याचा भार कायद्याने उचलावा. आज जागतिक परिषदांत श्रीमंत राष्ट्रांकडून हानी-भरपाईचा निधी मागितला जातो. २०२२ साली इजिप्तमध्ये तो मान्य झाला आणि २०२३ साली दुबईत तो कार्यान्वित करण्याचे ठरले. त्यामागचे तत्त्व हेच आहे. धूर सोडणारे वेगळे आणि बुडणारे वेगळे असतील, तर सोडणाऱ्याने बुडणाऱ्याचे देणे लागते. महाराष्ट्राच्या व्यापाऱ्यांनी हे तत्त्व पन्नास वर्षांपूर्वीच चलन भरून मान्य केले आहे.

अलीकडच्या काळातही काही पावले पडली आहेत. राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यावेत आणि तितकेच शासनाने घालावेत, असे ठरले. ही रचना व्यवसाय कराच्याच वळणाची आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून कामगाराला ओळखपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. ऑगस्ट २०२१ पासून केंद्राचे ई-श्रम नोंदणीचे संकेतस्थळ आहे, आणि शिधापत्रिका देशात कोठेही चालावी ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील एका लेखावरून ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे छत्र अगदीच नाही असे नाही. ते तुकड्यातुकड्यांचे आहे आणि त्या तुकड्यांखाली उभे राहण्यासाठी आधी नाव लिहिलेले असावे लागते.

पुढे काय व्हावे? आफ्रिकेतील राष्ट्रांनी २००९ साली कंपाला येथे करार केला आणि २०१२ पासून तो लागू आहे. देशाची सीमा न ओलांडता घर सोडावे लागलेल्यांनाही त्याने संरक्षण दिले आणि कारणांत हवामानबदलाचा स्पष्ट उल्लेख केला. भारतात असा कायदा नाही, तो व्हावा. ऊसतोड कामगाराला जिल्हा व राज्य यांच्या सीमांचा विचार न करता स्थलांतरित कामगार मानावे. उचलीचा करार लेखी असावा आणि गाळप आखूड झाल्यास उरलेल्या उचलीचा बोजा एकट्या कोयत्यावर पडू नये. वेठबिगारी १९७६ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे. कर्जापोटी अडकलेला श्रम त्या कायद्यापासून किती दूर आहे, याचा विचार व्हावा. ही मागणी मोठ्या सभागृहांत व्हावयाची आहे आणि ती वेळ घेईल.

परंतु नोंद ही गोष्ट उद्याच्या दसऱ्यालाही होऊ शकते. सिरसाळ्यासारख्या बाजारगावात बाहेर पडणारे प्रत्येक कुटुंब एकदा तरी दुकानाच्या पायरीवर येते. ग्रामसेवकाकडे पोहोचण्याआधी ते कापडाच्या, भांड्यांच्या, किराण्याच्या दुकानात पोहोचते. ओळखपत्र काढले आहे काय, ई-श्रमवर नाव आहे काय, शिधापत्रिका बरोबर घेतली आहे काय, शाळेच्या वयाची मुले वसतिगृहात ठेवता येतील काय, मुकादमाने किती उचल दिली ती कागदावर आहे काय, हे पाच प्रश्न विचारावयास खर्च काही नाही. लिहिता न येणाऱ्याचा अर्ज भरून देणे हे तर कोणत्याही शिकलेल्या तरुणाच्या आवाक्यातील काम आहे. ज्यांची शेती आहे व ऊस कारखान्याला जातो, त्यांनी सभासद या नात्याने वार्षिक सभेत एवढेच विचारावे की, आपला ऊस तोडणाऱ्यांची यादी कारखान्याकडे आहे काय, आणि त्यांना पाणी, शौचालय व औषध मिळते काय. ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला हाही प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

तुवालूने आपल्या राज्यघटनेत २०२३ साली दुरुस्ती करून लिहून ठेवले की, समुद्राने जमीन घेतली तरी राष्ट्र म्हणून आम्ही राहू. अकरा हजार माणसांनी आपले अस्तित्व कागदावर टिकविण्याचा हा प्रयत्न आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी त्याच्या कितीतरी पट माणसे सहा महिन्यांसाठी नाहीशी होतात, आणि त्यांची पूर्ण मोजदाद झालेली यादी अजून झालेली नाही. पाऊस कोणाच्या हाती नाही. समुद्रही कोणाच्या हाती नाही. पण वही आपल्या हाती आहे. पाडव्याला जो माणूस उधारी फेडावयास न चुकता येतो, त्याचे देणे समाजाच्या वहीत किती वर्षे थकले आहे, याचा हिशेब या सुवर्णमहोत्सवी वर्षात मांडावयास प्रारंभ व्हावा, एवढी प्रार्थना करून हे विवेचन येथे पूर्ण होते.

जय जिनेन्द्र.